काळयंत्राला कुलूप

वाचकाचे पत्र:

आम्ही तिघे मित्र गेली दीड वर्षे ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेवर आधारित संगणकावरचा एक साहसखेळ तयार करीत आहोत. खेळाडू स्वतः डॉक्टर, म्हणजे मालिकेचा काळात फिरणारा नायक असतो. त्याच्याकडे टार्डिस हे काळयंत्र असते आणि कुलुपे उघडणारा सोनिक स्क्रूड्रायव्हरही असतो. अकरा कालखंड आणि त्रेचाळीस स्थळे लिहून झाली आहेत. गेल्या महिन्यात दोघांना कागदावरच खेळवून पाहिले. पहिल्याच बंद दारापाशी एक जण म्हणाला, ‘मग मी तासभर मागे जातो आणि दार लागायच्या आत शिरतो.’ आमच्यापैकी कोणालाच यावर उत्तर देता आले नाही. खेळाडूला मागे जाण्यापासून अडवायचे कसे? इतके कालखंड ठेवावेत की कमी करावेत? खेळ प्रसिद्ध केला तर हक्कांची अडचण येईल का? आणि खेळ मराठीत करायचा असेल तर कोणते साधन वापरावे?

उत्तर:

प्रिय वाचक,

बंद दारापाशी थांबलेल्या त्या खेळाडूचे मला आधी कौतुक करावेसे वाटते. काळप्रवासाच्या खेळात माणसाला जे सुचायला हवे, नेमके तेच त्याला पहिल्या दारापाशी सुचले. तुम्ही मात्र ते सुचूच नये अशी तजवीज शोधत आहात, आणि मला काळजी वाटते ती तिथेच. ‘मागे जाऊन पाहतो’ ही ऊर्मी मारून टाकली, तर अकरा रंगीत पडद्यांचा एक साधा साहसखेळ तेवढा उरेल. त्यात जळणारे लंडन काय आणि दूरच्या भविष्यातले अवकाशस्थानक काय, दोन्ही निव्वळ नेपथ्य होऊन बसतील. म्हणून खेळाडूची ऊर्मी जपावी आणि यंत्राचे स्वातंत्र्य कापावे, असे माझे सांगणे आहे.

तुमच्या खेळाडूने विचारलेला प्रश्न मालिकेलाही टाळता आलेला नाही. १९७२ मधल्या ‘डे ऑफ द डालेक्स’ या कथेत डॉक्टरची सहकारी जो ग्रँट हाच प्रश्न विचारते: एकदा फसले तर पुन्हा मागे जाऊन तोच प्रयत्न का करायचा नाही? त्यावर ‘ब्लिनोविच मर्यादा परिणाम’ असे एक भारदस्त नाव पुढे केले जाते आणि प्रसंग पुढे सरकतो. दूरचित्रवाणीवर तेवढे पुरते, कारण प्रेक्षकाच्या हाती काहीच नसते. खेळाडूच्या हाती मात्र सगळे असते, आणि नुसत्या नावाने तो थांबत नाही. शिवाय मालिकेचा नियमही एक नाही. १९६४ च्या ‘दि अ‍ॅझ्टेक्स’ मध्ये डॉक्टरची सहप्रवासी बार्बरा नरबळीची प्रथा थांबवायला जाते आणि हरते. तिथे इतिहास अभेद्य आहे. २००५ च्या ‘फादर्स डे’ मध्ये दुसरी सहप्रवासी रोझ आपल्या वडिलांना अपघातातून वाचवते आणि काळालाच भगदाड पडते. म्हणजे तिथे इतिहास बदलतो, पण त्याची जबर किंमत मोजावी लागते. २३ नोव्हेंबर १९६३ पासून वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलेल्या मालिकेला ही विसंगती पचते, एवढेच नव्हे तर तीतून तिला नवनव्या कथा मिळतात. खेळाला ती पचत नाही, कारण ज्या क्षणी खेळाडूला कळते की काल लागू असलेला नियम आज लागू नाही, त्या क्षणी तो विचार करणे सोडतो आणि दिसेल त्या वस्तूवर दिसेल ती वस्तू घासून पाहू लागतो.

तेव्हा तुमच्या खेळासाठी काळाचा एकच नियम ठरवा, आणि तो पहिल्या पाच मिनिटांत एखाद्या पात्राच्या तोंडून एका वाक्यात सांगता येईल असा ठेवा. माझी सूचना अशी आहे: यंत्र फक्त तीन क्षणांना बांधलेले असावे आणि तिन्हीकडची घड्याळे बरोबरीने चालावीत. इथे एक तास घालवला, तर तिथेही एक तास उलटलेला असेल. एवढ्या एका वाक्याने ‘तासभर मागे जातो’ हा मार्ग बंद होतो. पण तो हवेतून आलेल्या मनाईने बंद होत नाही, तर खेळाडूला समजेल आणि पुढे स्वतःला वापरता येईल अशा कारणाने बंद होतो. चाळीस वर्षे मागे जाण्याची वाट उघडी राहते, तासभर मागे जाण्याची राहत नाही. मालिकेच्या वृत्तीलाही हे धरून आहे, कारण सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टरला टार्डिस हवी तिथे नेताच येत नसे, आणि त्या कथांमधला बराचसा ताण त्या असमर्थतेतूनच येत असे.

सोनिक स्क्रूड्रायव्हरचीही हीच गोष्ट आहे. ते हत्यार मालिकेत १९६८ मध्ये आले आणि हळूहळू प्रत्येक कुलपाचे उत्तर बनले. अखेर १९८२ मध्ये निर्माते जॉन नेथन-टर्नर यांच्या काळात ते एका कथेत नष्टच करण्यात आले, कारण त्याच्यामुळे लेखकांना अडचणीतून फार सहज सुटता येत होते. मालिकेच्या कर्त्यांना जे कळायला चौदा वर्षे लागली, ते तुम्ही पहिल्या दिवशी अमलात आणू शकता. खेळात सगळे काही उघडणारी वस्तू ठेवायचीच असेल, तर ती पहिल्या प्रवेशातच निकामी होऊ द्या आणि तिचा एखादाच गुण उरू द्या, जसे की जवळच्या धातूचा कंप तिला ऐकू येतो. पुढे त्या एका गुणावर तीन-चार कोडी उभी राहू शकतात.

आता कालखंडांविषयी. अकरा कालखंड मला कोणत्याही सबबीवर मान्य नाहीत, आणि दीड वर्षाच्या मेहनतीनंतर हे ऐकणे जड जाईल याची मला जाणीव आहे. हिशेब असा आहे. एका कालखंडात केलेला बदल पुढच्या सगळ्या कालखंडांत दिसला पाहिजे, नाही तर काळप्रवासाला अर्थ राहत नाही. प्रत्येक कालखंडात ‘केले किंवा नाही केले’ अशा स्वरूपाचे फक्त तीन बदल धरले, तरी अकराव्या कालखंडावर आधीच्या दहांतल्या तीस बदलांची सावली पडते, आणि त्यांच्या जुळवण्या शंभर कोटींच्या वर जातात. त्या तुम्ही लिहू शकणार नाही आणि तपासूही शकणार नाही; मग नाइलाजाने कालखंड एकमेकांपासून तोडाल आणि पुन्हा नेपथ्यावर येऊन थांबाल. तीन कालखंड ठेवले, तर मधल्यावर पहिल्याचे आणि शेवटच्यावर दोघांचे मिळून पाच-सहा बदल उरतात, म्हणजे बत्तीस किंवा चौसष्ट जुळवण्या. एवढ्या डोळ्यांखालून घालता येतात.

आणि स्थळे त्रेचाळीस नकोत. स्थळ एकच असू द्या. १९९३ मध्ये लुकासआर्ट्सने काढलेल्या ‘डे ऑफ द टेंटकल’ या खेळात एकच वाडा आहे आणि तीन पात्रे त्यात दोनशे वर्षांच्या अंतराने अडकलेली आहेत. छोट्या वस्तू ती एकमेकांना काळापलीकडे पाठवू शकतात. भूतकाळातल्या पात्राला व्हिनेगर हवे असते आणि सापडते ती दारूची बाटली. ती बाटली भविष्यासाठी पुरायच्या पेटीत ठेवली की चारशे वर्षांनी पेटी उघडणाऱ्या पात्राला व्हिनेगर मिळते आणि ते मागे पाठवता येते. या कोड्यात काळ स्वतःच काम करतो, आणि खेळाडूने फक्त त्याला कामाला लावायचे असते. तुमच्या प्रत्येक कोड्याला हाच प्रश्न विचारा: यात काळाने काय केले? उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर ते कोडे कितीही सुंदर असले तरी दुसऱ्या खेळासाठी राखून ठेवा.

नुसते तत्त्व सांगून थांबलो तर तुमच्या हाती काही पडणार नाही, म्हणून एक स्थळ घेऊन दाखवतो. मालिका ब्रिटिश आहे, तेव्हा लंडनमधला टेम्स नदीखालचा बोगदा घेऊ, जो रॉदरहाइथ आणि वॉपिंग या दोन काठांना जोडतो. अभियंते मार्क ब्रुनेल यांनी त्याचे काम १८२५ मध्ये सुरू केले. खोदणाऱ्या मजुरांच्या डोक्यावर नदी कोसळू नये म्हणून त्यांनी लोखंडी ढाल बनवली होती. तिच्यात बारा उभ्या चौकटी, प्रत्येकीत एकावर एक तीन खण, म्हणजे एकूण छत्तीस खण होते आणि एका खणात एक मजूर समोरची माती इंच-इंच पोखरत असे. १८ मे १८२७ रोजी नदी आत घुसली. तळाला पडलेले भगदाड बुजवण्यासाठी वरून मातीने भरलेली पोती सोडण्यात आली, पाणी उपसण्यात आले, आणि १० नोव्हेंबर १८२७ रोजी त्याच बोगद्यात, नदीच्या पोटाखाली, पाहुण्यांना मेजवानी देण्यात आली. १२ जानेवारी १८२८ रोजी पुन्हा पाणी घुसले आणि सहा माणसे मेली. काम कित्येक वर्षे बंद पडले. अखेर २५ मार्च १८४३ रोजी बोगदा पायी जाणाऱ्यांसाठी खुला झाला. एक पेनी देऊन लोक आत येत आणि दोन मार्गांना जोडणाऱ्या कमानींमध्ये बसलेल्या विक्रेत्यांकडून आठवणीच्या वस्तू विकत घेत. ७ डिसेंबर १८६९ पासून त्यातून आगगाड्या धावू लागल्या. जागा तीच, पण एकदा ती कामाची खाण आहे, एकदा जत्रा आहे आणि एकदा रेल्वेचा मार्ग आहे. तीन कालखंड तुमच्यासाठी इतिहासानेच आखून ठेवले आहेत.

आता कथेचे बीज पाहा. नदीच्या गाळात, बोगद्याच्या माथ्यावर, फार दूरच्या कुठल्या तरी ठिकाणाहून आलेली एक वस्तू झोपलेली आहे. १८६९ मधल्या पहिल्या गाडीच्या हादऱ्याने ती जागी होणार आहे. १८६९ मध्ये तिथवर पोहोचणे अशक्य आहे, कारण मध्ये विटांचे जाड बांधकाम आहे आणि वर नदी. पण १८२७ मध्ये भगदाड बुजवणारी पोती नेमकी तिच्याशेजारी जाऊन पडणार आहेत, आणि पोते भरताना त्यात एक वस्तू सरकवणे कोणालाही शक्य आहे. काय सरकवायचे, ते १८४३ मध्ये मिळते: कमानीतल्या दुकानावरची संगीतपेटी, जिची धून त्या वस्तूला झोपवते. पेटीला चावी देऊन खटका अर्धवट अडकवून ठेवायचा, म्हणजे बेचाळीस वर्षांनी गाडीचा हादरा बसेल तेव्हाच तो सुटेल. पेटी विकत घ्यायला पैसे लागतील. खेळाडूच्या खिशात १८६९ ची पेनी आहे, पण ब्रिटनने १८६० मध्ये तांब्याची जड पेनी सोडून काशाची हलकी पेनी आणली. त्यामुळे १८४३ चा दुकानदार ते नाणे तळहातावर तोलतो, त्याच्यावरचे साल वाचतो आणि परत करतो. तांब्याची पेनी १८२७ मधल्या मजुराकडून मिळवावी लागते. इथे खेळाडूने इतिहास पाठ केलेला असण्याची गरज नाही. दोन नाणी शेजारी ठेवून पाहिली की फरक त्याच्या डोळ्यांना दिसतो.

माझ्या मते यापुढचा तपशील सर्वांत मोलाचा आहे. समजा, खेळाडूने पेटी तशीच पोत्यात टाकली. मग १८४३ मध्ये त्याच ठिकाणी छताच्या विटांवरून गंजाचा तांबूस ओघळ उतरलेला दिसावा, आणि शेजारच्या विक्रेतीने तक्रार करावी की हा डाग कितीदाही पुसला तरी परत येतो. खेळाडूला कळते की पेटीत पाणी शिरले. तो १८२७ मध्ये परत जातो. पोती टाकण्याचे काम अजून चालू असते, पण आता शेवटच्या होडीतली पोती उरलेली असतात, कारण घड्याळे बरोबरीने चालली आहेत. तो दुसरी पेटी डांबराने बंद केलेल्या डब्यात घालून सोडतो, आणि १८४३ मध्ये विटा कोरड्या होतात. चूक दिसली, तिचे कारण कळले, दुरुस्तीची संधी मिळाली आणि तीही कायमची नव्हे. तुमच्या त्या खेळाडूला मागे जायचे होते ना? इथे तो मागे जातो आणि त्याला मागे जाण्याचे चीज झाल्यासारखे वाटते.

नोंदवलेला इतिहास भिंत समजा आणि न नोंदवलेला इतिहास अंगण समजा. पोती टाकली गेली हे नोंदवलेले आहे. एकेका पोत्यात काय होते, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. अशा फटींमध्ये खेळाडूला मोकळीक द्या. पण भिंतीलाही तो हात लावणारच आहे. १८४३ मध्ये त्या सहा मृत्यूंविषयी ऐकले की १८२७ मध्ये जाऊन मजुरांना सावध करावेसे वाटणे हे माणूसपणाचे लक्षण आहे, आणि त्या क्षणी पडद्यावर ‘हे करता येत नाही’ अशी पाटी झळकली तर तो त्या माणूसपणाचा अपमान होईल. त्याला बोलू द्या. मजुराला ऐकून घेऊ द्या. त्याने सांगावे की छतातून पाणी रोजच गळते, रोजच कोणी ना कोणी हेच सांगते, आणि शनिवारी मजुरी घेतली नाही तर घरी चूल पेटत नाही. नकार माणसाच्या तोंडून आला की तो नियम वाटत नाही, दुःख वाटतो. बार्बराचा अ‍ॅझ्टेकांसमोरचा पराभव इतक्या वर्षांनंतरही लक्षात राहतो तो याच कारणाने.

यावरून खेळाडू कोण असावा, याविषयीही सांगून टाकतो. त्याला डॉक्टर करू नका. डॉक्टरला सगळे माहीत असते, आणि ज्याला सगळे माहीत आहे त्याच्या भूमिकेत शिरून काहीच माहीत नसल्यासारखे चाचपडणे खेळाडूला खोटे वाटते. मालिकेच्या पहिल्या कथेत डॉक्टरबरोबर ओढली गेलेली माणसे म्हणजे इतिहासाची शिक्षिका बार्बरा आणि विज्ञानाचा शिक्षक इयान. आपण त्यांच्या डोळ्यांनी ते सारे पाहिले. खेळाडूला सहप्रवासी करा आणि जाणते पात्र दुसऱ्या कालखंडात अडकवून ठेवा, म्हणजे त्याच्याशी होणारे तुटक बोलणे हीच तुमची इशारे देण्याची सोय होईल. बीबीसीने २०१० मध्ये ‘डॉक्टर हू: दि अ‍ॅडव्हेंचर गेम्स’ ही खेळमालिका ब्रिटनमधल्या लोकांसाठी विनामूल्य काढली होती, सुमो डिजिटल या कंपनीने ती बनवली आणि आवाज मूळ कलाकारांचे होते. तिच्यात डालेक या मालिकेतल्या परग्रही शत्रूंच्या नजरेआडून सरपटत जाण्याला बराच वेळ दिलेला आहे. मला मात्र ती खेळताना सारखे वाटत राहिले की काळ इथे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा रस्ता झाला आहे, कोड्याचा विषय झालेला नाही. अधिकृत परवानगी, मूळ आवाज आणि अनुभवी संस्था हाताशी असूनही असे होऊ शकते; म्हणूनच मी नियमावर इतका भर देत आहे.

तुमच्या पत्रात नसलेला एक धोका मला सांगितलाच पाहिजे. डग्लस अ‍ॅडम्स हे १९७९ मध्ये याच मालिकेचे पटकथा-संपादक होते, आणि १९८४ मध्ये स्टीव्ह मेरेत्स्की यांच्यासोबत त्यांनी आपल्या ‘हिचहायकर्स गाइड’ या विनोदी विज्ञानकथेवर मजकुरी, म्हणजे चित्रांविना आज्ञा टंकून खेळायचा, खेळ रचला. त्यात सुरुवातीला एका कुत्र्याला सँडविच दिले नाही, तर पुढे कितीतरी वेळाने तोच कुत्रा खेळाडूचे सूक्ष्म झालेले अवकाशयान गिळून टाकतो, आणि तेव्हा मागे फिरायची सोय नसते. कार्यकारणाची कल्पना म्हणून हे विलक्षण आहे, पण घरी बसून खेळणाऱ्यासाठी ती कोंडी आहे. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी दोन कालखंडांचा एक छोटा मजकुरी खेळ लिहिला होता. त्यात कंदील नंतरच्या काळात विसरून मागे आले, तर तळघरात काहीच दिसत नसे आणि परतीचा दरवाजा तळघरातूनच होता. एका मैत्रिणीने सलग तीन संध्याकाळी तो खेळला. तिसऱ्या दिवशी तिने मला तिची वही दाखवली; अंधारातल्या तळघराचा नकाशा तिने चाचपडत, पावले मोजून काढला होता. तो नकाशा बरोबर होता आणि बाहेर पडायला वाट नव्हती, कारण ती मी ठेवलीच नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक वस्तूबद्दल एकच गोष्ट तपासतो: ही चुकीच्या काळात राहिली तर काय होईल? तुम्हीही तेवढे तपासा.

रचनेच्या बाजूने एक काम लगेच करा. प्रत्येक कालखंडाची अवस्था वेगळी साठवू नका. तसे केले की एकीकडे भिंत पडलेली आणि दुसरीकडे उभी, असे घोळ होत राहतात. एकच नोंदवही ठेवा. तिच्यात फक्त घडलेल्या गोष्टी, त्यांचे साल आणि त्यांचा दिसणारा परिणाम लिहा, आणि खेळाडू ज्या सालात उतरेल त्या सालाआधीच्या नोंदी वाचून ते स्थळ दर वेळी नव्याने उभे करा. ‘१८२७, पोत्यात पेटी, उघडी, १८४३ पासून छतावर गंज.’ नोंद एवढीच. ज्या नोंदीला दिसणारा परिणाम लिहिता येत नाही, ती खेळातून काढा.

भाषेबद्दल तुम्ही फक्त साधन विचारले आहे, पण मराठीने तुम्हाला एक कोडे फुकट दिले आहे. आपला ‘परवा’ हा शब्द मागेही पाहतो आणि पुढेही. काल आणि उद्या यांच्यात ही गंमत नाही. एरवी क्रियापदावरून अर्थ लागतो, पण ‘परवाच्या भेटीची खूण याच विटेमागे ठेवली आहे’ अशी चिठ्ठी मिळाली, तर भेट होऊन गेली की व्हायची आहे हे त्या वाक्यावरून सांगता येणार नाही. खेळाडू झालेली भेट आठवत बसेल, आणि चिठ्ठी लिहिणारा अजून न झालेल्या भेटीविषयी बोलत असेल. अनुवाद करून आणलेल्या खेळात हे सापडणार नाही. उलट, जिथे कोडे करायचे नाही त्या संवादांतून ‘परवा’ कटाक्षाने काढून टाका.

साधनाच्या बाबतीत, आज्ञा टंकून खेळायचा प्रकार मराठीत टाळा. किल्ली, किल्लीने, किल्लीला, घोडा, घोड्यावर, घोड्याच्या अशी रूपे ओळखणारा संगणक-प्रोग्राम लिहिण्यातच तुमचे पुढचे वर्ष जाईल. पर्याय निवडण्याचा किंवा चित्रावर टिचकी मारण्याचा प्रकार घ्या. पहिला कच्चा खेळ ट्वाइनमध्ये करा. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेले हे साधन विनामूल्य आहे आणि खेळ ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे देवनागरी नीट दिसते. चित्रांसाठी पुढे अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ किंवा गोडो यांपैकी एक पाहता येईल, मात्र निवड करण्याआधी त्यात ‘स्त्री’, ‘दुर्गम’, ‘दऱ्या’ आणि ‘विठ्ठल’ हे चार शब्द पडद्यावर उमटवून पाहा. जोडाक्षरे तुटली, तर बाकीचे गुण कितीही मोठे असले तरी ते साधन तुमच्यासाठी नाही.

हक्कांविषयी मी तुम्हाला आशा दाखवणार नाही. खेळ फुकट वाटला तरी परवानगी लागतेच. टार्डिसचे निळ्या पोलीस-पेटीचे रूप हे बीबीसीचे व्यापारचिन्ह आहे. लंडनच्या पोलिसांनी त्याला हरकत घेतली होती, पण २००२ मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. डालेकांच्या हक्कांत त्यांचे जनक टेरी नेशन यांच्या वारसांचाही वाटा आहे, म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एक दार ठोठवावे लागेल. काळप्रवास, विचित्र जाणता प्रवासी आणि त्याची भांबावलेली सोबतीण या कल्पना मात्र कोणाच्याही मालकीच्या नाहीत. तेव्हा नावे, रूपे, संगीत आणि आवाज सोडून द्या आणि आपली स्वतःची मालिका कल्पून तिच्यावर खेळ करा. हे नुकसान समजू नका. टार्डिसचा तो घरघरणारा आवाज ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून मिळवला होता. तुमच्या यंत्राचा आवाजही तुमच्या घरातल्याच कोणत्या तरी वस्तूत दडलेला असणार. तो शोधायला एक रविवार द्या.

अकरा कालखंडांची वही फाडू नका. तीतून तीनच क्षण निवडा, एका स्थळावर आणा, आणि टेबलावर तीन ओळींत पत्ते मांडून पुन्हा कागदावरच खेळवा. एकाने नोंदवही सांभाळावी, एकाने पत्ते बदलावेत आणि तिसऱ्याने खेळणाऱ्याचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे. खेळणाऱ्याला मदत करू नका, तो अडला तरी तुमच्यापैकी कोणी बोलू नका. नियम सांगून झाल्यावर ‘मग मी मागे जातो’ हे वाक्य तो कोणत्या मिनिटाला आणि कशासाठी उच्चारतो, एवढेच मला पुढच्या पत्रात कळवा. आणि पहिल्या दारापाशी ज्याने तुम्हाला निरुत्तर केले होते, त्यालाच या वेळीही पहिला बसवा.